सहल सगळ्यांची, बेत मात्र तिचाच?

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की घरोघरी एकच विषय निघतो, ‘यंदा कुठे जायचं?’ प्रश्न सगळे मिळून विचारतात, उत्तर मात्र एकटीनेच शोधायचं असतं. तिकिटं कधी काढायची, सासूबाईंच्या गोळ्या किती दिवसांच्या घ्यायच्या, धाकट्याला गाडी लागते तर आवळासुपारी कुठल्या पिशवीत ठेवायची, दूधवाल्याला कधीपासून बंद सांगायचं, तुळशीला पाणी कोण घालणार... ही सगळी यादी कुणाच्या डोक्यात असते हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नकोच.

‘हा काय पेपरात लिहिण्याचा विषय आहे?’ असं कुणी म्हणेल. आहे! केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर वेळ-वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका (सहा वर्षांवरच्या मुलींसह) त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, तर घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांचं काम दहा मिनिटांनी कमी झालं, पण पुरुषांचंही नऊ मिनिटांनी घटलं! वाटणी होती तिथेच राहिली. म्हणूनच चार दिवसांची सहल ही बाईसाठी चैन नव्हे, ती तिची हक्काची रजा आहे. आणि ही रजा मिळणं-न मिळणं फक्त नवऱ्याच्या मूडवर नाही, सरकारी नियमांवरही अवलंबून असतं.

कसं ते बघा. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता यायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. कारण दिलं गेलं ते असं की फार आधी काढलेली तिकिटं लोक रद्द करतात. ते खरंही असेल. पण जिच्या घरी महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला पडतात, तिला चार महिने हाताशी असणं आणि दोनच महिने असणं यात मोठा फरक आहे. दुसरं, मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या काळात ज्येष्ठ नागरिकांची सवलत थांबवली. त्याआधी ५८ वर्षांवरच्या स्त्रियांना तिकिटात निम्मी सूट होती, पुरुषांना ६० वर्षांनंतर ४० टक्के. सवलत गेल्यावर अनेक घरांत हिशेब बदलला. ‘आई, तुम्ही घरीच थांबा, घराला कुणीतरी हवंच’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं खरं, पण त्यामागे तिकिटाचा भाव असतो. एप्रिल २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण तिकीट पडतं, हेही लक्षात घ्या.

याच्या उलट आपल्या एसटीचं उदाहरण. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. आमच्या बचत गटातल्या एक ताई पूर्वी माहेरी वर्षातून एकदा जायच्या, आता सणाला आणि आजारपणाला, दोन्हींना जातात. तिकीट निम्मं झालं की नवऱ्याकडे हात पसरावा लागत नाही, इतकं साधं गणित आहे ते. प्रवास स्वस्त झाला की बाई घराबाहेर पडते. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती. हद्द ओलांडली की पुन्हा पूर्ण भाडं.

तरीही हद्द ओलांडावी, असं मी म्हणेन. आमच्या गटात यंदा कोचीचा विषय निघाला. ‘केरळ म्हणजे हनिमूनवाल्यांचं’ अशी पहिली प्रतिक्रिया आली! पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन तीन दिवसांत पाहून होईल असं जुनं बंदराचं शहर म्हणून कोची मला सोयीचं वाटतं. नाशिक, कल्याण, पनवेल, रत्नागिरीवरून कोकण रेल्वेच्या मार्गाने एर्नाकुलमला थेट गाडी आहे. प्रवास लांबचा, दिवस-रात्र गाडीतच जाते. तिकीट काढताना एक गोष्ट जरूर करा. पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रियांना आणि ज्येष्ठांना खालचा बर्थ शिल्लक असेल तर प्राधान्याने देण्याची सोय आहे. त्यासाठी वय बरोबर भरा. बायका वय चोरतात म्हणतात ना, इथे चोरलं तर वरच्या बर्थवर चढायची तयारी ठेवा!

कोचीत पाहायचं काय? सांगतात की १३४१ मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला, मुझिरिस हे जुनं बंदर गाळाने भरलं आणि कोचीचं नशीब उघडलं. पुढे पोर्तुगीज आले, १६६३ मध्ये डच, १७९५ मध्ये इंग्रज. फोर्ट कोचीत सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला आणि त्याला आधी तिथेच पुरलं होतं. जवळच चिनी जाळी आहेत. मट्टणचेरीत पोर्तुगीजांनी कोचीच्या राजाला बांधून दिलेला राजवाडा आहे, त्याच्या भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत. आणि १५६८ मध्ये बांधलेलं यहुदी लोकांचं प्रार्थनास्थळ आहे. राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि यहुदी प्रार्थनास्थळ शनिवारी. त्यामुळे मट्टणचेरी रविवार ते गुरुवार या दिवसांतच ठेवा, नाहीतर उन्हात मुलांना घेऊन बंद दार पाहून परत यावं लागेल.

राजवाडा पाहताना मुलींना एक गोष्ट सांगा. कोचीच्या राजघराण्यात वारसा आईकडून चाले. राजाच्या मागे त्याचा मुलगा नव्हे, तर बहिणीचा मुलगा गादीवर येई. तिथल्या अनेक कुळांत घर आणि जमीन आईच्या घराण्याची असे. ही पद्धत विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने मोडत गेली आणि १९७५ च्या कायद्याने अशी एकत्र कुटुंबं रद्द झाली. सगळं छान होतं असं नाही, कारभार बहुतेक मामाच्याच हातात असे. पण ‘पूर्वीपासून असंच चालत आलंय’ हे वाक्य सगळीकडे सारखं लागू पडत नाही, एवढं तरी मुलींना कळेल.

आपल्या माणसांचाही या शहराशी जुना संबंध आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली कोकणी कुटुंबं कोचीत स्थायिक झाली, मट्टणचेरीच्या आसपास आजही कोकणी कानावर पडते. डच अधिकारी व्हान ऱ्हेड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. त्यासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्यही राबले. १६७८ मध्ये आम्सटरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात त्यांचा दाखला नागरी लिपीत आहे! घराघरांतल्या बायकांना ठाऊक असलेली झाडपाल्याची औषधं अशी ग्रंथात गेली. नावं मात्र वैद्यांची राहिली, ते असो.

आता खऱ्या मुद्द्याकडे येते. कोची मला सोयीचं वाटतं ते तिथल्या सार्वजनिक सोयींमुळे. एप्रिल २०२३ मध्ये तिथे वॉटर मेट्रो सुरू झाली. विजेवर चालणाऱ्या या बोटींतून, सुरू झाली तेव्हा, तिकीट अंतराप्रमाणे वीस ते चाळीस रुपये होतं. फोर्ट कोचीचा थांबा एप्रिल २०२४ मध्ये आला, मट्टणचेरीचा ऑक्टोबर २०२५ मध्ये. धक्का पाण्याबरोबर खाली-वर होतो, त्यामुळे बोटीत पाय टाकताना गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनाही कुणाचा हात धरावा लागत नाही. त्याशिवाय राज्य सरकारच्या जुन्या बोटी काही रुपयांत पलीकडे नेतात. म्हणजे दिवसभराची गाडी ठरवण्याचा खर्च वाचतो.

आणि या सोयींमागे बायकांचे हात आहेत. केरळात १९९८ मध्ये ‘कुटुंबश्री’ सुरू झाली. आज ४५ लाखांहून अधिक बायका तिच्या गटांत आहेत. आपल्या बचत गटांसारखीच सुरुवात, पण तिथे गट पापड-लोणच्यावर थांबले नाहीत. २०१७ मध्ये कोची मेट्रो सुरू झाली तेव्हा स्थानकांवरची तिकीट खिडकी, साफसफाई अशी कामं कुटुंबश्रीच्या बायकांना मिळाली. रस्त्याकडेची ‘टेक अ ब्रेक’ स्वच्छतागृहंही अनेक ठिकाणी त्याच चालवतात. प्रवासात पाणी न पिता बसणारी बाई कोण, हे आपल्यापैकी प्रत्येकीला माहीत आहे. त्यामुळे स्वच्छतागृह चालवायला बाई असणं किती मोलाचं, ते वेगळं सांगत नाही.

पण सगळं गोडच सांगितलं तर ते खोटं होईल. २ मार्च २०२३ रोजी कोचीजवळच्या ब्रह्मपुरम इथे कचऱ्याच्या डोंगराला आग लागली आणि दहा-बारा दिवस शहर धुरात होतं. आज हरित कर्म सेनेच्या बायका घरोघरी जाऊन प्लास्टिक आणि सुका कचरा गोळा करतात. मग पर्यटक म्हणून आपण टाकलेली पाण्याची बाटली शेवटी कुणाच्या हातात जाते? दुसऱ्या एका बाईच्याच. घरून पाण्याच्या बाटल्या न्याव्यात आणि त्या तिथे भरून घ्याव्यात, ही छोटी गोष्ट म्हणूनच मोठी आहे.

त्यानंतर २५ मे २०२५ ला ‘एमएससी एल्सा ३’ हे ६४० कंटेनर घेऊन चाललेलं मालवाहू जहाज कोचीजवळच्या समुद्रात बुडालं. जहाजावरचे सगळे २४ जण वाचले. पण कंटेनर आणि प्लास्टिकचे बारीक मणी केरळच्या किनाऱ्याला लागले. राज्य सरकारने ही आपत्ती जाहीर केली आणि ९५३१ कोटींच्या भरपाईसाठी कोर्टात गेलं. मच्छीमार कुटुंबांना तातडीची मदत म्हणून हजार रुपये आणि सहा किलो तांदूळ देण्याचं ठरलं. कोर्टातला दावा हजारो कोटींचा आणि चुलीपाशी पोचले हजार रुपये! आपण ज्या चिनी जाळ्यांपुढे फोटो काढतो, ती कुणाची तरी रोजची भाकरी आहे, हे विसरता कामा नये.

मग करायचं काय? पहिली गोष्ट घरात. सहलीची यादी कागदावर काढा आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहा. तिकिटं नवऱ्याने काढावीत, मुलांनी आपापल्या बॅगा भराव्यात, दूधवाला आणि पेपरवाला सासऱ्यांकडे. ‘त्यांना जमत नाही’ म्हणून परत आपल्याकडे घेऊ नका, एखादा टॉवेल राहिला तर राहू दे. दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले निवडा, जून ते सप्टेंबर तिथे धो धो पाऊस असतो. आणि सासूबाईंना घरी ठेवून जाऊ नका. गोळ्यांसारखंच त्यांचं तिकीटही यादीत पहिलं घाला.

दुसरी गोष्ट गावात. कोचीहून येताना केळ्याचे वेफर्स जरूर आणा, पण प्रश्नही घेऊन या. आपल्या स्टँडवरचं स्वच्छतागृह चालवायला बचत गटाला का मिळू नये? आपल्या गावातल्या किल्ल्यावर, देवस्थानी, समुद्रावर येणाऱ्या बाईला पाणी प्यायची भीती का वाटावी? नगरपालिकेला चार जणींनी मिळून अर्ज दिला तर निदान नोंद तरी होते. आणि ज्येष्ठ नागरिकांच्या रेल्वे सवलतीचा विषय आपल्या खासदारांपुढे प्रत्येक सभेत निघायला हवा. मतं मागायला येतात तेव्हा तर नक्कीच.