तबकडीच्या पाठीवरचीं नांवें

बीटल्स हें नांव ज्या घरांत कोणाच्याच कानावरून गेलेलें नाहीं असें सुशिक्षित घर आतां कोंकणांतही सांपडावयाचें नाहीं. वडील मंडळींना तो धांगडधिंगा वाटतो, मधल्या पिढीला त्यांत आपलें तारुण्य ऐकूं येतें, आणि नातवंडें तीं गाणीं जुन्या काळचीं म्हणून सोडून देतात. या तिन्ही मतांच्या वादांत आम्हांस आज शिरावयाचें नाहीं. त्या चौघांपैकीं जॉर्ज हॅरिसन यानें स्वतःच्या नांवानें काढलेली पहिली मोठी तबकडी निम्मीशी मुंबईंत, आपल्या वादकांच्या हातून तयार झाली. आणि तिच्या पाठीवर जीं नांवें छापलीं गेलीं त्यांत आमच्या किनाऱ्याचें एक नांव अर्धेंच उरलें. ती हकीकत येथें सांगावयाची आहे.

तबकडीचें नांव ‘वंडरवॉल म्युझिक’. जो मॅसट या दिग्दर्शकानें ‘वंडरवॉल’ नांवाचा चित्रपट काढला व त्याचें पार्श्वसंगीत हॅरिसनवर सोंपवून काय वाजवावें याची त्याला पूर्ण मोकळीक दिली. हॅरिसननें स्टॉपवॉच हातांत घेऊन चित्रपट पाहिला, कोणत्या प्रसंगास किती सेकंद संगीत हवें याचीं टिपणें केलीं, आणि त्या मापानें तुकडे बसविले. कांहीं तुकडे लंडनांत पाश्चात्य वाद्यांवर झाले. उरलेल्यांसाठीं तो १९६८ च्या जानेवारींत मुंबईस आला. शहर त्याला नवें नव्हतें. १९६६ च्या सप्टेंबरांत पंडित रविशंकर यांच्यापाशीं सतार शिकण्याकरितां तो येथें येऊन राहिला होता.

हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीचें ध्वनिमुद्रणगृह त्या वेळीं फोर्टांत फिरोजशहा मेहता रस्त्यावर, कचेऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होतें. बाहेरचा आवाज अडविण्याची सोय जवळजवळ नाहींच. खालून टॅक्सी गेली तर ती ऐकूं येई. आणि सायंकाळीं साडेपांचास कचेऱ्या सुटल्या कीं जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पावलांचा असा कांहीं गडगडाट होई कीं काम थांबवावें लागे. त्या जिन्यावरून उतरणाऱ्यांत आमच्या मालवण-देवगडकडचे चाकरमानी थोडेथोडके नसतील! आपल्या वहाणांच्या आवाजानें कोणाचें ध्वनिमुद्रण अडलें आहे, याची त्यांना काय कल्पना? स्टिरिओ मुद्रणाचें यंत्रही मुंबईंत नव्हतें. कंपनीचे भास्कर मेनन यांनीं तें कलकत्त्याहून आगगाडीनें स्वतः बरोबर आणलें. अशा सामग्रीवर, मोजक्या दिवसांत, हें सारें काम झालें.

वाजविणारे मात्र सामान्य नव्हते. सरोदवर उस्ताद अली अकबरखाँ यांचे पुत्र आशिष खाँ, तबला व पखवाज यांवर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, तारशहनाईवर विनायक व्होरा, बासरीवर एस्. आर्. केंकरे, पेटी व तबलातरंग यांवर रिजराम देसद, सनईवाल्यांत हनुमान जाधव, आणि सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर. ज्यांना सूरबहार हें वाद्य ठाऊक नसेल त्यांच्याकरितां इतकें सांगतों, कीं तें सतारीचें थोरलें भावंड आहे. एकोणिसाव्या शतकांत तें घडविलें गेलें. तारा जाड, सूर खर्जाकडे झुकलेला, आणि धांवपळीपेक्षां संथ आलाप हें त्याचें खरें क्षेत्र.

आतां तबकडीची पाठ पाहूं. हॅरिसननें एक गोष्ट चांगली केली. त्या काळीं साथीदारांचीं नांवें छापण्याकडे तबकडी काढणाऱ्यांचें फारसें लक्ष नसे, तरी त्यानें मुंबईच्या वादकांचीं नांवें वाद्यांसह छापविलीं. परंतु छापतांना त्यांची जी दशा झाली ती पाहून हंसावें कीं रडावें हें समजत नाहीं. जाधवांचे ‘जादेव’ झाले, शर्मांचे ‘शेर्मार’ झाले, आणि नारिंग्रेकरांच्या नांवाचे दोन तुकडे पडून ‘चंद्र शाखेर’ एवढेंच काय तें राहिलें. आडनांव गेलें, आणि आमच्याकडे आडनांव गेलें म्हणजे गांव गेलें. नारिंग्रे हें देवगड तालुक्यांतील गांव. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला, तेव्हां तबकडी निघाली त्या वर्षीं तें रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत होतें. लंडनांतील ज्या माणसानें ती यादी लावली त्याला नारिंग्रे कोठून ठाऊक असणार? त्याचा हेतु वाईट होता असें आम्हीं मुळींच म्हणत नाहीं. त्याच्या कानाला जें पहिल्यांदा लागलें तें त्यानें लिहिलें आणि लांबलचक शेंपूट वाटलें तें छाटून टाकलें.

पण तें शेंपूट नव्हे, हें आमच्या भागांत लहान पोरही सांगेल. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या कीं दशावताराचे जे खेळ होतात ते मोचेमाडकर, वालावलकर, चेंदवणकर अशा नांवांनींच ओळखले जातात. पडदा वर जाण्यापूर्वींच कोणता गांव रंगभूमीवर येत आहे हें प्रेक्षकांस कळलेलें असतें. डबलबारी भजनाचें हँडबिल पाहा. बुवा अमुक, पखवाज अमुक, तबला अमुक, झांज अमुक, पुढें गांव, तालुका, आणि बुवांच्या गुरूंचें नांव. त्या पातळ रंगीत कागदावर मुद्रणाच्या चुका असतात, नाहीं असें नाहीं. पण पखवाजवाल्याचें गांव चुकलें तर भजनाआधीं मंडपांतच दुसरी बारी उभी राहते. ज्यांना आपण अडाणी कागद म्हणून चुलींत घालतों त्यांवर साथीदाराला जो मान आहे तो जगांतील नामांकित कंपनीच्या गुळगुळीत वेष्टनावर मिळाला नाहीं, हें आम्हांस लक्षांत ठेवण्याजोगें वाटतें.

हॅरिसनला सर्वस्वीं दोष देणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या बीटल्सच्या तबकडींत त्याच्या एका गाण्याला लंडनांतील अनिल भागवत यांनीं तबला वाजविला. कोण्या जॉर्जबरोबर वाजवावयाचें आहे हें त्यांना आधीं ठाऊकही नव्हतें. दाराशीं रोल्स रॉइस गाडी येऊन उभी राहिली तेव्हां त्यांना उमज पडला. सोळा मात्रांच्या अंगानें वाजवावें अशी सूचना झाली, बाकी सारें त्यांच्या उपजावर सोडलें होतें. त्या वेष्टनावर भागवतांचें नांव शुद्ध छापलेलें आहे. उलट पुढच्याच वर्षींच्या ‘सार्जंट पेपर’ या सर्वांत गाजलेल्या तबकडींत दिलरुबा वाजविणारे अण्णा जोशी, नांवावरून तर महाराष्ट्रीयच, आणि त्यांचे सोबती यांचा वेष्टनावर उल्लेख नाहीं. तीं नांवें लोकांस फार उशीरा कळलीं. आणि आपल्याकडे तरी काय होतें? त्या काळच्या आमच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायक आणि संगीतदिग्दर्शक झळकत, पण ज्याच्या सनईनें किंवा सतारीनें गाणें उभें केलें त्याचें नांव नसेच. तेव्हां लंडनवाल्यांकडे बोट दाखवितांना उरलेलीं बोटें कोणाकडे वळलीं आहेत हें पाहिलें पाहिजे.

त्याच मुंबईच्या बैठकींत चित्रपटाच्या कामाखेरीज आणखी एक चाल वाजविली गेली. गीतेचे व उपनिषदांचे इंग्रजी अनुवाद करणारे केंब्रिजचे संस्कृताध्यापक हुआन मास्कारो यांनीं हॅरिसनला लाओत्से या चिनी तत्त्वज्ञाचें एक वचन गाण्यासाठीं सुचविलें होतें. सरोद, सनई, बासरी, पखवाज व पेटी यांवर मुंबईंत वाजविलेल्या त्या चालीवर लंडनांत शब्द चढले, आणि १५ मार्च १९६८ रोजीं ‘दि इनर लाइट’ या नांवानें तें गाणें ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस निघालें. बीटल्सच्या एकगीती तबकडीवर आलेली हॅरिसनची ही पहिली रचना. तिजवर नांव ‘बीटल्स’ इतकेंच. वाद्यें सारीं मुंबईचीं, त्यांतील एकाचेंही नांव नाहीं.

मोठी तबकडी १ नोव्हेंबर १९६८ रोजीं इंग्लंडांत प्रसिद्ध झाली. बीटल्सनीं काढलेल्या ॲपल कंपनीची ती पहिलीच मोठी तबकडी. तिचें स्वागत बेताचेंच झालें. इंग्लंडच्या खपाच्या यादींत ती आलीच नाहीं. अमेरिकेंत ४९ व्या क्रमांकापर्यंत पोंचली. कारणें उघड आहेत. चित्रपट मे १९६८ मध्यें कान येथें दाखविला गेला, पण पुढें तो फारसा चालला नाहीं. गिऱ्हाइकांना गाणीं हवीं होतीं, आणि येथें हॅरिसनच्या आवाजांतील एकही गाणें नव्हतें. तशांत २२ नोव्हेंबरला बीटल्सची पांढऱ्या वेष्टनाची जोडतबकडी बाजारांत आली. मग धाकट्या भावाकडे कोण पाहतो!

संगीत म्हणून ती कशी आहे? आमचें मत संमिश्र आहे. एकोणीस तुकडे, त्यांतले पुष्कळसे एक-दोन मिनिटांत आटोपणारे. रागाला बसावयास पाट द्यावा आणि लगेच पान उचलावें, तसें कांहीं ठिकाणीं होतें. तबला-पखवाजाचा एक तुकडा मिनिटभरांत संपतो. आमच्याकडच्या पखवाज्याला डाव्या पुडीस कणीक लावावयालाही त्याहून अधिक वेळ लागतो. ‘गत किरवाणी’ ऐकतांना आतां रंग भरणार असें वाटावें तोंच पुढचा तुकडा सुरू होतो. दोष वाजविणाऱ्यांचा नव्हे, स्टॉपवॉचचा आहे.

तथापि एक गुण आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. त्या दिवसांत विलायतेंत सतारीची जी साथ पसरली होती तींत सतार म्हणजे भाजीवर भुरभुरलेली कोथिंबीर होती. हॅरिसननें तसें केलें नाहीं. आपलीं वाद्यें बहुतेक तुकड्यांत त्यानें त्यांच्या स्वतःच्या घरांत राहूं दिलीं. त्यांवर गिटारींचा गलबला घातला नाहीं. ‘लव्ह सीन’ या चार मिनिटांहून थोड्या मोठ्या तुकड्यांत आशिष खाँ यांनीं आधीं एक सरोद वाजविली आणि तीच ऐकत तिच्यावर दुसरी चढविली. एकाच हातची ही जुगलबंदी जुन्या कानांनाही खटकत नाहीं. व्होरा यांची तारशहनाई मिनिटभरच वाजते, पण त्या तुकड्याला ‘रडणें’ असें नांव कां दिलें हें विचारावें लागत नाहीं.

पुढें या मुद्रिकेचें नशीब हळूहळू पालटलें. देशोदेशींच्या संगीताची ओळख करून देणारा आरंभींचा प्रयत्न म्हणून जाणकार तिचें नांव घेऊं लागले. १९९५ सालीं ओॲसिस या इंग्लिश मंडळीनें ‘वंडरवॉल’ या नांवाचें गाणें काढलें. शीर्षक याच तबकडीवरून घेतलेलें, आणि तें इतकें गाजलें कीं मूळ तबकडी ठाऊक नसलेले लक्षावधि लोक तो शब्द गुणगुणतात. २०१४ सालीं तबकडी नव्यानें काढतांना ‘दि इनर लाइट’च्या चालीचा एक वेगळा पाठ शब्दांशिवाय जोडण्यांत आला. गाणारा आवाज नसल्यानें फोर्टांतल्या त्या वरच्या मजल्यावरची सरोद, सनई आणि पेटी आतां आडपडद्याशिवाय ऐकूं येते.