‘नंबर लागत नाही’ म्हणून ई-बाइक घेताय? आधी हे तपासा

नांदेड असो की लातूर, स्वस्त ई-बाइक घेताना ‘पासिंग नको, लायसन्स नको’ हे वाक्य भुरळ घालतं. पण ही सूट सरसकट नाही.

सूट कुणाला?
मोटार २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल तरच. शिवाय मॉडेलला चाचणी संस्थेची मान्यता हवी. पुण्यातली एआरएआय ही अशीच एक संस्था. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ नुसार चाचणीचं बंधन देशी उत्पादकाइतकंच आयातदारावरही आहे.

मान्यतेआधीच गाडी विकली तर?
मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार विक्रेत्याला प्रति गाडी १ लाख रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

अडकतं कोण?
ग्राहकच. वेग वाढवलेल्या गाडीची सूट संपते आणि मान्यता नसल्याने आरटीओत एमएच-२६ किंवा एमएच-२४ चा नंबरही मिळत नाही. पैसे गेलेले, गाडी रस्त्यावर बेकायदा. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा ई-बाइकविरुद्ध मोहीमही घेतली होती.

काय मागाल?
मान्यता प्रमाणपत्राची प्रत. त्यावरचं मॉडेल आणि पक्क्या बिलावरचं मॉडेल एकच आहे का, हे पैसे देण्याआधी पाहा.