उजवीकडे पिळा, बाटली गायब

कारखान्यात सेन्सर अडला की एक ठरलेला सोहळा होतो. इलेक्ट्रिशियन खिशातला टेस्टर काढतो, सेन्सरच्या पाठीवरचा इवलासा स्क्रू उजवीकडे पिळतो आणि म्हणतो, "सेन्सिटिव्हिटी वाढवली, साहेब." साहेब मान डोलावतात. भोसरी-चाकणच्या लाइनींवर मी 25 वर्षं हे बघतोय. अरे बाबांनो, बाटली पारदर्शक आहे! स्क्रू उजवीकडे पिळला की सेन्सर पलीकडून आलेल्या आणखी कमी उजेडावर समाधान मानतो आणि 'समोर काही नाही' असं खुशाल सांगतो. आधी निदान अधूनमधून दिसत होती, आता तीही गेली.

पुठ्ठ्याचा खोका सगळा उजेड अडवतो. काचेचा एक पृष्ठभाग जेमतेम 4 टक्के परतवतो. रिकाम्या बाटलीच्या दोन भिंती म्हणजे चार पृष्ठभाग; किरण मधोमध गेला तर घट 15 टक्क्यांच्या आसपास. पलीकडे रिफ्लेक्टर लावला तर किरण त्याच भिंती पुन्हा ओलांडून परत येतो, घट 28 टक्क्यांच्या घरात जाते. एवढ्याशा फरकावर हो की नाही ठरवणारे सेन्सर मिळतात; त्यातले चांगले तर रिफ्लेक्टरवर धूळ साचत गेली तरी आपली पातळी आपणच सरकवून घेतात. पण ते महाग! मग परचेस तीन कोटेशनं मागवतं आणि खोके मोजायचा सेन्सर बाटलीच्या गळ्यात बांधतं.

बरं, बांधायचा तर निदान गळ्यातच बांधा. एका ठिकाणी पाण्याच्या बाटल्यांची लाइन होती आणि सेन्सर बाटलीच्या पोटावर रोखलेला. भरलेली बाटली म्हणजे भिंगच. कडेला किरण वाकला, एक मोजली. मधोमध सरळ पार गेला. दुसऱ्या कडेला पुन्हा वाकला, आणखी एक. सगळ्या बाटल्यांचं असं होत नव्हतं, काहींचंच, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. भरलेल्या बाटल्यांचा आकडा मोठा, खोक्यात गेलेल्यांचा छोटा. व्यवस्थापनाने निदान केलं: चोरी! तीन आठवडे कंत्राटी कामगारांचे जेवणाचे डबे गेटवर उघडून बघितले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर कन्व्हेयरशेजारी दिवा लुकलुकवत बसला होता.

मी काय केलं? दहाच्या पान्याने ब्रॅकेट सैल केला आणि सेन्सर वर सरकवून झाकणावर रोखला. बाटलीतून आरपार दिसतं, निळ्या झाकणातून दिसत नाही. सेन्सर तोच, स्वस्तातलाच. काम अर्ध्या तासाचं. दुसऱ्या दिवशी दोन्ही आकडे जुळले. कामगारांची माफी कुणी मागितली नाही. उलट, डबे तपासणं "शिस्तीसाठी" चालूच ठेवलं.

अशा फजितीनंतर कुणीतरी प्रदर्शनातून अल्ट्रासॉनिक सेन्सरचं पत्रक घेऊन येतो. चीज उत्तम आहे. आवाजाला पारदर्शकतेशी देणंघेणं नसतं. पारदर्शक फिल्म, पारदर्शक लेबल, एकाला एक चिकटून आलेले दोन कागद, सगळं कळतं. पण आमचे लोक तो एअर ब्लोअरच्या तोंडाशी लावतात, वाऱ्याने आवाज भरकटतो आणि मग "इम्पोर्टेड माल पण फालतू निघाला". फिल्मवर लावायचा तर दोन रोलरांच्या बरोब्बर मधे, म्हणजे ती सर्वांत जास्त फडफडते तिथे. फिल्म तिरकी झाली की प्रतिध्वनी भलतीकडेच जातो. रोलरच्या जवळ ती शांत असते, पण तिथे हात घालायला अडचण होते ना!

गेल्या महिन्यात नव्या लाइनचं ड्रॉइंग माझ्यापुढे आलं. झाकण लागल्यानंतरची मोजणी, आणि सेन्सर पुन्हा पोटावर. मी लाल पेनने गोल केला, बाण काढला, "झाकणावर घ्या" लिहिलं. उत्तर आलं: ड्रॉइंग मंजूर झालंय, आता बदल नको.

दहाचा पाना मी ड्रॉवरमधून काढून खिशात ठेवलाय.