फराहबागेत महाल आहे, तळं कुठंय?

नगरकरांनो, जरा मोठी पोस्ट आहे, पण वाचा.

परवा पाहुण्यांना फराहबाग दाखवायला नेलं. आपल्या आजीच्या भाषेत फर्याबाग. घुमट बघून मंडळी खूश, फोटो झाले. मग त्यांच्या लेकीनं विचारलं, "काका, तुम्ही तर तळ्यातला महाल म्हणाला होता. तळं कुठंय?" मी झुडपं वाढलेल्या खोलगट जागेकडं बोट दाखवलं. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

फराह बक्ष म्हणजे आनंद देणारा. मुर्तझा निजामशहाच्या काळात इथं आधी एक इमारत झाली होती. ती सुलतानाला पसंत पडली नाही. मग सलाबतखानानं नव्यानं बांधून १५८३ साली काम पुरं केलं. डोंगरावर ज्याच्या कबरीला आपण चांदबिबी महाल म्हणतो, तोच हा सलाबतखान. चारी बाजूंनी बांधीव तळं आणि मधोमध अष्टकोनी महाल. तिकडं सावेडीच्या बाजूला हश्त बिहिश्त बागेतही हीच रचना.

ताजमहालाची कल्पना इथून सुचली की नाही, या वादात मला पडायचं नाही. माझा प्रश्न साधा आहे. नगर पर्जन्यछायेत, सीना वर्षातले बरेच महिने कोरडी. तरी मधे महाल उभा राहील एवढं पाणी आणलं कुठून?

उत्तर जमिनीखाली आहे. खापरी नळ! भाजलेल्या मातीचे नळ चुन्यात बसवून डोंगराच्या पायथ्याचं पाणी नुसत्या उतारावर शहरात आणलं. मधे मधे हवा निघायला उच्छ्वास. ना मोटार, ना वीज. आज आपण मुळा धरणातून पाणी उपसून आणतो. वीज गेली की नळही गेला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, महालाची डागडुजी करून भागणार नाही. तळं हाच त्या वास्तूचा जीव आहे. पुरातत्त्वाच्या जाणकारांकडून पाया तपासून घ्या, गाळ-झुडपं काढा, निदान पावसाचं पाणी तरी त्यात साठू द्या. आणि रस्ते खोदण्याआधी उरलेल्या खापरी नळांचा, उच्छ्वासांचा नकाशा करा. एकदा जेसीबी फिरला की चारशे वर्षांचं काम मुरमात जातं.

आता शहराला अहिल्यादेवींचं नाव आहे. आपल्याच चौंडीची लेक. देशभर घाट, विहिरी, बारवा बांधल्या त्यांनी. त्यांचं नाव लावायचं आणि बांधलेलं तळं कोरडं ठेवायचं, हे शोभतं का आपल्याला?

पुढच्या वेळी ती पोरगी आली, तर तिला पाणी दाखवायचंय मला.