ड्रोन उडाला, पण मोजलं कशावर?

राजेहो, गावात ड्रोन उडाला की सगळ्यांच्या माना वर. नेत्यांचे फोटो निघतात, 'आता इंच न इंच अचूक मोजणार' अशी बातमी येते. माझा सवाल ड्रोन खाली उतरल्यानंतरचा आहे. ते फोटो कोणत्या पडद्यावर, कोणत्या चष्म्यातून, कशाने मोजतात? हे काऊन कोणी विचारत नाही?

लगतच्या दोन हवाई फोटोंत साधारण ६० टक्के किंवा त्याहून जास्त भाग सारखा ठेवतात. एक फोटो डाव्या डोळ्याला, दुसरा उजव्याला दाखवला की घर वर उठतं, नाला खाली जातो. मग ऑपरेटर एक तरंगता ठिपका बरोबर त्या उंचीवर टेकवून रेषा ओढतो. तो जमिनीवर टेकला की हवेतच राहिला, हे साध्या मॉनिटरवर कळतच नाही. सपाट फोटोत छप्पर दिसतं, भिंत नाही. छज्जा दीड फूट बाहेर असेल आणि तीच भिंत धरली, तर शेजाऱ्याशी भांडण सरकारी नकाशानेच लावून दिलं म्हणायचं!

२०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत उड्डाणाआधी हद्दी चुन्याने आखतात, नंतर गावात पडताळणी होते. हे चांगलंच आहे. पण चुना हद्द दाखवतो, उतार नाही. आणि बेसा-पिपळ्यात, जिथे कालच्या शेतावर आज लेआऊट पडतो, तिथे खरा प्रश्न उताराचाच आहे. पाणी कुठून येणार, नाली कुठे काढायची? सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नागपुरात काय झालं, ते आपण पाहिलंय.

"सॉफ्टवेअर सगळं आपोआप करतं," असं उत्तर मिळतं. करतं ना! पण दाट झाडाखालची जमीन त्यालाही दिसत नाही, शेंडाच जमीन धरून बसू शकतं. ते पकडायला दोन्ही डोळ्यांनी पाहणारा माणूस लागतो.

आणि त्या माणसाला काय देता? लाल-निळा कागदी चष्मा? त्यात रंग मरतात, तासाभरात डोकं धरतं. शटरचा चष्मा बरा, पण त्याला १२० हर्ट्झचा मॉनिटर आणि जुळणारं ग्राफिक्स कार्ड लागतं. शिवाय एनव्हिडियाने २०१९ मध्ये आपल्या थ्रीडी व्हिजन चष्म्याचा आधारच काढून घेतला, म्हणजे स्वस्तात घेतलेला माल भंगारात. दिवसभराच्या कामाला मला तरी पोलराइज्ड चष्माच पटतो. हलका, चार्जिंगची कटकट नाही. त्यातही एकाच पडद्यावर ओळी वाटून दाखवणारा घेतला तर प्रत्येक डोळ्याला अर्ध्याच ओळी मिळतात. दोन मॉनिटर आणि मधे आरसा, ही जोडणी महाग, पण दोन्ही डोळ्यांना पूर्ण चित्र.

हाताचंही तेच. साध्या माऊसचं चाक टप्प्याटप्प्याने उडतं, उंची हळूच सरकवता येत नाही. त्यासाठी हातचाकं आणि पायाखालची चकती, किंवा उंचीचं वेगळं चाक असलेला थ्रीडी माऊस लागतो. ड्रोनचा डौल परवडतो, मग हे काऊन परवडत नाही? 'सांगणारा जाणकार नाही' ही सबब तर नागपुरात चालायचीच नाही. महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन सेंटर इथंच आहे.

तेव्हा हवाई मोजणीच्या प्रत्येक निविदेत पडदा, चष्मा आणि माऊस कोणता, हे लिहिलंच पाहिजे. ऑपरेटरला दोन्ही डोळ्यांनी खोली दिसते की नाही, याची तपासणीही. पुढचा नकाशा हरकतींसाठी लागला की आपल्या प्लॉटचा नंबर घेऊन जा आणि लेखी विचारा: या कंटूर कोणी, कशावर पाहून तपासल्या? उत्तराची प्रत मला पाठवा, इथंच टाकतो.