निकालापूर्वीची शिक्षा

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या आसपास, बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या आनेकल तालुक्यातील गावांतून जी कारखानदारी गेल्या काही दशकांत उभी राहिली, तिच्या यंत्रांवर देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले तरुण राबत असतात. यांपैकी एखाद्यावर, खोलीवरील मारामारीमुळे असो की गोदामातून माल नाहीसा झाल्याच्या संशयावरून असो, फौजदारी गुन्ह्याचा आळ आला, तर अपराधाचा निवाडा होण्यापूर्वीच त्याला जो बंदिवास भोगावा लागतो, त्याची मुदत त्याच्या कृत्यापेक्षा, या तालुक्यात त्याच्यासाठी जामीन राहील असा कोणी जमीनजुमलेवाला गृहस्थ त्याच्या ओळखीचा आहे की नाही, यावरच पुष्कळदा ठरते. न्यायाधीश जामिनाचा हुकूम देतात. परंतु जामीनदार आणि त्याच्या जमिनीचा ‘पहाणी’ उतारा दाखल होईपर्यंत परप्पन अग्रहार येथील मध्यवर्ती कारागृहाचा दरवाजा उघडत नाही, आणि सोलापूर किंवा लातूरकडून आलेल्या पोराच्या बापाच्या नावावरील सातबारा येथे बहुधा परका ठरतो. या अन्यायाचा उगम कायद्याच्या अक्षरात नसून कचेरीच्या वहिवाटीत आहे, म्हणूनच तो मला अधिक असह्य वाटतो.

वास्तविक या प्रश्नाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच दिलेला आहे. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गवंड्याला जामीन मंजूर झाला असताना खालच्या न्यायालयाने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा सख्खा भाऊ जामीन राहण्यास पुढे आला तेव्हा भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे एवढ्याच कारणावरून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो हुकूम रद्द करून त्या गवंड्यास १,००० रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडण्यास सांगितले आणि, एका प्रांतातील नागरिक दुसऱ्या प्रांतात आरोपी म्हणून उभा राहिला तर त्याने स्थानिक जामीनदार आणावा तरी कोठून, हा प्रश्न सबंध न्यायव्यवस्थेपुढे ठेवला. त्या निकालास जवळजवळ अर्धे शतक लोटले. प्रश्न मात्र अजून गवंड्याच्याच गळ्यात आहे.

सुटकेची किंमत मालमत्तेत मोजण्याची ही रीत जुनीच आहे. ज्या शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर होती, ते १६४८ साली आदिलशाही सेनापतीच्या हुकमाने जिंजीनजीक कैद झाले, आणि दुसऱ्या वर्षी त्यांची सुटका झाली ती कोंढाणा व बंगळूर हे किल्ले आदिलशहाच्या स्वाधीन करण्याचे मान्य झाल्यावर. सतराव्या शतकातील सुलतानाने कैद्याच्या सुटकेची किंमत त्याच्या मालमत्तेवरून ठरवावी, यात नवल नाही. परंतु ज्या प्रजासत्ताकाने कायद्यापुढे सर्व समान असे आपल्या संविधानात लिहून ठेवले, त्याने कैद्याजवळ कोणते किल्ले आहेत हे विचारीत बसणे हे त्या संविधानास लांच्छन आहे.

हा दोष केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेच्या तुरुंगांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा तेथील शिक्षांच्या राक्षसी लांबीविषयी असते, आणि तेही यथार्थच आहे. कारण कॅलिफोर्निया संस्थानाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे, पूर्वी अपराध केलेल्या एका इसमास गोल्फ खेळण्याच्या तीन काठ्या चोरल्याबद्दल पंचवीस वर्षे ते आजन्म अशी कारावासाची शिक्षा झाली आणि २००३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु मला अधिक अस्वस्थ करते ती न्यूयॉर्कमधील कॅलिफ ब्राउडर या कृष्णवर्णीय मुलाची हकीकत. २०१० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, एक पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून त्याला धरण्यात आले. जामिनासाठी मागितलेले ३,००० डॉलर त्याच्या कुटुंबाजवळ नव्हते, पुढे तर जामीनच नाकारण्यात आला. आणि रायकर्स बेटावरील तुरुंगात त्याने सुमारे तीन वर्षे काढली, त्यांपैकी जवळजवळ दोन वर्षे एकांतकोठडीत. गुन्हा कबूल कर, घरी जा, असे त्याला सांगण्यात आले असताही त्याने, मी चोरी केलेली नाही, हे आपले म्हणणे सोडले नाही. २०१३ साली सरकारने खटला काढून घेतला. २०१५ च्या जूनमध्ये त्याने स्वतःच्या घरी आत्महत्या केली. ज्या अपराधाबद्दल त्याच्यावर खटला कधी चाललाच नाही, त्याची शिक्षा त्याने अशी भोगली.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. बंगळूरच्या ज्या जुन्या कारागृहाच्या जागेवर आता फ्रीडम पार्क आहे, तेथे आणीबाणीत अडवाणी, वाजपेयी आणि आपले मधु दंडवते स्थानबद्ध होते, हे पुष्कळांस ठाऊक असते; परंतु ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटातील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी याही तेथेच, १९७६ च्या मे महिन्यापासून सुमारे आठ महिने, खटल्यावाचून डांबलेल्या होत्या, याचे स्मरण फार थोड्यांना राहिले आहे. त्यांना दम्याचा तीव्र विकार होता आणि कोठडीत तो बळावत गेला. त्यांच्या रात्रीच्या किंकाळ्यांचा उल्लेख दंडवत्यांनी पुढे केला आहे. प्रकृती हाताबाहेर गेल्यावर १९७७ च्या जानेवारीत त्यांना सोडण्यात आले आणि काही दिवसांतच त्यांचा अंत झाला. आणीबाणी गेली, ते कारागृहही तेथून हलले. पण निकालापूर्वी माणसास कोंडून ठेवण्याची सवय सरकारच्या अंगातून गेली नाही. २०२२ सालच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा पंचाहत्तरांहून अधिक, कच्चे कैदी होते.

परप्रांतीय आरोपी पळून जाईल, ही धास्ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणत नाही, आणि फिर्यादीलाही न्याय मिळालाच पाहिजे. परंतु त्या धास्तीवर ठाण्यात नियमित हजेरी, पत्त्याची खातरजमा, वैयक्तिक मुचलका असे उपाय आहेत; अमेरिकेतील इलिनॉय संस्थानाने तर २०२३ साली पैशाच्या जामिनाची पद्धतच बंद केली. आपल्याकडेही साधने आहेत: २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, काही अपवाद वगळता, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढल्यास त्याला सोडावयाचे असून, तसा अर्ज न्यायालयाकडे पाठविण्याचे कर्तव्य तुरुंगाच्या अधीक्षकावर टाकलेले आहे, आणि २०२३ सालच्या केंद्रीय योजनेतून गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आर्थिक साहाय्य मिळू शकते.

म्हणून आनेकलच्या न्यायालयाने किरकोळ गुन्ह्यांत स्थानिक जामीनदाराचा आग्रह सोडावा आणि अन्य जिल्ह्यांतील जामीनदार मोतीरामच्या निकालाप्रमाणे स्वीकारावा. तालुका विधी सेवा समितीने जामिनाचा हुकूम होऊनही आत राहिलेल्यांची यादी दरमहा तुरुंगाकडून मागवावी. आणि ज्यांच्या यंत्रांवर ही पोरे राबतात त्या कारखानदारांनी, तसेच बंगळूर परिसरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या, घरदार व जमीन असलेल्या मराठी मंडळींनी, आपल्या ओळखीतील एखादा कामगार केवळ जामीनदारावाचून अडकला असेल तर त्याच्यासाठी जामीन राहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.