किल्ली स्विचलाच लटकलेली

पंपरूमच्या पॅनलवर किल्लीचा स्विच बसवायचा, किल्ली त्यातच ठेवायची आणि वर ती सुतळीने बांधायची, म्हणजे हरवायला नको! हे पाहिलं की पॅनलवाल्याचा आणि सोसायटीच्या कमिटीचा एकत्रच सत्कार करावासा वाटतो. त्यापेक्षा साधा हाताने फिरवायचा स्विच घ्या, पैसे तरी वाचतील.

आगीच्या पंपाला ‘ऑटो-ऑफ-मॅन्युअल’ स्विच असतो. ऑटोवर असताना पाइपातला दाब जरा उतरला की जॉकी पंप भरपाई करतो, फारच उतरला तर मुख्य पंप आपोआप सुरू होतो. पण पाइप कुठेतरी गळत असतो. जॉकी सारखा घुरघुरतो, पहिल्या मजल्यावरच्या काकांची झोप मोडते, सेक्रेटरींना वीजबिल दिसतं. मग वॉचमनला फर्मान सुटतं, ‘ऑफ करून टाक रे.’ गळती काढायला खर्च येतो, किल्ली फिरवायला येत नाही. त्या क्षणापासून इमारतीतले लाल पाइप शोभेचे.

कायदा आहे की! महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा अधिनियमानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीने यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ द्यायचा. त्या दिवशी स्विच ऑटोवर येतो. तपासणीला आलेल्या साहेबांची गाडी गेटबाहेर पडली की पुन्हा ऑफ. आणि बीएमएसचा, म्हणजे इमारतीच्या देखरेख यंत्रणेचा, भलामोठा स्क्रीन असलेल्या टॉवरमध्ये? तिथेही सगळं हिरवंगार, कारण स्विच ऑटोवरून हलल्याचं कळवणारी वायर ओढायचीच राहिलेली असते.

यावर उपाय कॅटलॉगात छापलेला आहे. किल्ली कोणत्या स्थितीत बाहेर निघावी, हे मागवतानाच ठरवता येतं. फक्त ऑटोवर निघणारी घ्या आणि ऑफिसात टांगा. कुणी पंप बंद ठेवला, तर किल्ली पॅनलमध्ये अडकून राहते आणि ऑफिसातला खिळा रिकामा दिसतो. चोरी तिथल्या तिथे उघडी! मी टेंडरात ही ओळ घालतो, खरेदीवाले ‘समकक्ष’ म्हणून तिन्ही स्थितीत निघणारा स्विच आणतात. किल्लीचा नंबरही वेगळा मागत नाहीत. श्नायडरच्या स्विचबरोबर नेहमीची येते ती रोनिस ४५५; शेजारच्या इमारतीतही तीच. वेगळे नंबर मिळतात, पण मागायचे कुणी? वर मलाच विचारतात, ‘साहेब, दोन्ही स्विच किल्लीचेच ना?’

हो बाबांनो. भोकही दोघांना २२ मिलिमीटरचंच लागतं.